झाडं मोजली, माणसं राहिली

आजकाल तालुक्याच्या गावीसुद्धा 'निसर्गाशी आणि माणसांशी नातं जोडणारी' एखादी छोटी संस्था असते. पाच-सात उत्साही मंडळी, पदरचे पैसे, रविवारची भटकंती, पक्ष्यांची ओळख, पावसाळ्यात वृक्षारोपण. त्यांची टिंगल करायचा माझा हेतू नाही. टिंगल करणारे बहुतेकजण रविवारी दहापर्यंत झोपलेले असतात! पण नातं जोडायचं ते नेमकं कुठल्या माणसांशी? एकाच गाडीतून आलेल्या आपल्याआपल्यातच का?

आपल्या यवतमाळपुरतंच बोलू. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात अवनी वाघीण मारली गेली. राळेगाव-पांढरकवडा भागातल्या १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. शहरांत तिच्यासाठी निषेध झाले, गावांत फटाके फुटले. मारण्याची पद्धत चुकली का, यावर वाद जरूर घालू, घालायलाच हवा. पण वाघिणीचं नाव सगळ्यांना पाठ आणि त्या तेरांपैकी एकाचंही नाव कुणाच्या तोंडी नाही, याला निसर्गप्रेम म्हणायचं का?

फटाके फोडणारे जंगलाचे वैरी नव्हते हो. गुरं घेऊन त्यांना रोज त्याच जंगलात जायचं होतं, कापूस त्याच कडेच्या वावरात वेचायचा होता. भीती संपली म्हणून फटाके फुटले.

आता दुसरी गोष्ट. टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. २०१९ मध्ये तिथला 'वॉकर' हा तरुण वाघ निघाला तो शेतं, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोचला. एकूण चाल सुमारे ३,००० किलोमीटर! आपण टाळ्या वाजवल्या. पण ही वाट कुणाच्या तुरीतून, कुणाच्या कपाशीतून गेली? वाघ अभयारण्यात मावत नाही, तो शेतकऱ्याच्या सोसण्यावर जगतो. ते सोसणं संपलं तर तुमची सफारीही संपली.

कुणी म्हणेल, छोट्या संस्थेने काय काय करायचं? मुलांना चार झाडं ओळखता आली तरी पुष्कळ. मान्य, पण छोटेपणाची सबब चालणार नाही. गडचिरोलीतली 'वृक्षमित्र' काही मोठी संस्था नव्हती. मोहन हिराबाई हिरालाल मेंढा-लेखात गेले ते शिकवायला नव्हे, गावाबरोबर शिकायला. अभ्यासगट बसला, निर्णय सर्वसहमतीने होऊ लागले. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. देवाजी तोफांच्या गावाने जंगल राखलं, कारण ते आपलं होतं. उलट सरकारने २०१६ ते २०१९ या काळात कोट्यवधी रोपं लावण्याची उद्दिष्टं जाहीर केली. खड्डे मोजले गेले, फोटो निघाले. खड्ड्याशी नातं जुळत नसतं!

मग करायचं काय? फार सोपं आहे. टिपेश्वरला जाल तेव्हा गेटवरूनच परत फिरू नका. कडेच्या गावात, लोकांची हरकत नसेल तर, एक रात्र काढा. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला जागलीवर कोण जातं ते बघा. मार्चमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला बाया एकट्या जातात की जथ्याने, ते विचारा. पिकाचं नुकसान झालं की अर्ज, पंचनामा, खेटे यात माणूस थकून जातो. तुमच्यातल्या दोघांनी त्याचा अर्ज भरून दिला आणि पैसे मिळेपर्यंत पाठपुरावा केला, तर ते शंभर रोपांपेक्षा मोठं काम आहे. पुढे वाघ दिसला तर तोच माणूस विष घालायच्या आधी तुम्हाला फोन करेल.

हे आमच्या घरच्या पक्षीवेड्या मंडळींनाही लागू आहे बरं का! राग आला तर जेवायला या, भांडू. पण येताना जंगलाकडेच्या एखाद्या गावातून या.