विश्लेषण: ऑस्ट्रेलियात मूलनिवासी मुलांच्या सुरक्षेशी संस्कृतीचा संबंध काय?

खेळाचे शिबिर असो, बालवाडी असो की ज्येष्ठांसोबत राहून भाषा-परंपरा शिकण्याचा उपक्रम. तिथे येणारे प्रत्येक मूल सुरक्षित राहावे, ही आयोजकांची जबाबदारी असते. ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल समाजात मात्र ही जबाबदारी पार पाडणे सोपे नाही. कारण ‘मुलांचे संरक्षण’ याच नावाखाली तिथे हजारो मुले आईबापांपासून तोडली गेली.

इतिहास काय सांगतो?

साधारण १९१० ते १९७० या काळात सरकारी धोरणानुसार ॲबोरिजिनल मुलांना घरातून नेऊन मिशन, अनाथालये आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवले गेले. या पिढ्या ‘स्टोलन जनरेशन्स’ म्हणजे ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणून ओळखल्या जातात. १९९७ च्या ‘ब्रिंगिंग देम होम’ अहवालाच्या अंदाजानुसार, दर तीन ते दर दहा मुलांमागे एक मूल असे नेले गेले. पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली.

संस्थांमधील बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा अंतिम अहवाल डिसेंबर २०१७ मध्ये आला. आयोगासमोर खासगी बैठकांत आपबीती सांगणाऱ्या पीडितांपैकी सुमारे १४ टक्के मूलनिवासी होते. देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण चार टक्क्यांहून कमी आहे.

नियम काय आहेत?

आयोगाच्या शिफारशींवर आधारित दहा राष्ट्रीय तत्त्वे २०१९ मध्ये स्वीकारण्यात आली. व्हिक्टोरिया राज्यात १ जुलै २०२२ पासून ११ मानके लागू आहेत. त्यातील पहिलेच मानक सांगते, की ॲबोरिजिनल मुलांची ओळख आणि अनुभव यांचा आदर होईल असे वातावरण संस्थेने निर्माण केले पाहिजे.

हे पहिल्या क्रमांकावर का?

दाराशी ॲबोरिजिनल झेंडा लावला, की काम संपले असे नाही. ज्या मुलाच्या रंगावरून वा घराण्यावरून टोमणे मारले जातात, ते मूल काही वाईट घडल्यास तिथल्या मोठ्या माणसांना सांगणार नाही. याउलट ‘आंटी’ किंवा ‘अंकल’ म्हणून आदराने हाक मारता येईल अशी आपल्या समाजातली व्यक्ती समोर असेल, तर ते बोलण्याची शक्यता वाढते. म्हणजे सांस्कृतिक आदर ही सुरक्षेची पहिली पायरी आहे.

पेच कुठे आहे?

पहिला पेच भीतीचा. आजही पालकांपासून दूर, सरकारी देखरेखीखाली वाढणाऱ्या मुलांत ४० टक्क्यांहून अधिक मूलनिवासी आहेत. एकूण मुलांत त्यांचे प्रमाण सुमारे सहा टक्के आहे. त्यामुळे तक्रार केली तर मूलच घरातून नेतील, ही धास्ती कायम आहे.

दुसरा पेच तपासणीचा. मुलांसोबत काम करण्यासाठी पार्श्वभूमीची तपासणी आवश्यक असते. मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांबाबत तडजोड नकोच. पण पोलिसी कारवाईचा जाच पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या समाजात जुन्या, वेगळ्याच नोंदींमुळे अनेक ज्येष्ठ अर्ज करायलाच कचरतात.

तिसरा पेच नात्यांचा. लहान वस्तीत आरोपी नातेवाईक किंवा मानाची व्यक्ती असू शकते. अशा वेळी ज्येष्ठांचा मान ही कुणाची ढाल होता कामा नये. संस्कृतीचा आदर म्हणजे नियमांतून सूट नव्हे.

वरून लादलेले उपाय चालतात का?

२००७ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत बाल अत्याचारांवरील अहवालानंतर केंद्र सरकारने लष्कराची मदत घेत हस्तक्षेप केला आणि त्यासाठी वांशिक भेदभावविरोधी कायदाही स्थगित केला. प्रत्यक्षात त्या अहवालाचा भर समाजाशी सल्लामसलत करण्यावर होता. त्या कारवाईने अविश्वास आणखी वाढवला.

पुढे काय?

व्हिक्टोरियात कायद्याने काही मुलांच्या संरक्षणाचे अधिकार ॲबोरिजिनल संस्थांकडेच सोपवण्यात आले आहेत. घराबाहेर वाढणाऱ्या मूलनिवासी मुलांचे विषम प्रमाण २०३१ पर्यंत ४५ टक्क्यांनी घटवण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. ते गाठायचे तर नियमांइतकाच विश्वासही लागेल. तो मिळवायचा, तर मुलांबाबतचे निर्णय घेताना त्यांचा समाज टेबलाशी बसलेला असला पाहिजे.