रिकामी सतरंजी, भरलेले इतिवृत्त

15 ऑगस्टला सकाळी झेंडावंदन होते, मुलांना खाऊ वाटला जातो, पाहुण्यांचे भाषण संपते आणि शाळेच्या पटांगणातील गर्दी ओसरू लागते. मग ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सतरंजी पसरली जाते. तिच्यावर सरपंच, दोनचार सदस्य, पंचायतीचे सचिव आणि काही वडीलधारी मंडळी बसतात. थोडा वेळ वाट पाहून, पुरेशी उपस्थिती नाही म्हणून सभा तहकूब केल्याचे जाहीर होते. पुढे केव्हा तरी ती पुन्हा भरते. तिला किती माणसे होती, हे कोणी विचारीत नाही. मात्र वही उघडून पाहावी, तर ठराव एकामागून एक मंजूर झालेले असतात: रस्ता, गटार, घरकुलांची यादी, जमाखर्चास मान्यता. प्रत्येक ठरावाच्या शेवटी एकच शब्द असतो, ‘सर्वानुमते’. महाराष्ट्रातील अनेक गावांत हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही वावगे आहे, असेही कोणास वाटेनासे झाले आहे.

वस्तुतः आपल्या संपूर्ण लोकशाही व्यवस्थेत नागरिक स्वतः, प्रतिनिधीच्या मध्यस्थीवाचून, जेथे बसू शकतो असे पीठ एकच आहे, ते म्हणजे ग्रामसभा. लोकसभेत आपण खासदार पाठवितो, विधानसभेत आमदार पाठवितो. ग्रामसभेत मात्र कोणालाही पाठवावयाचे नसते. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक गावकरी तिचा सभासद आहे. 1958च्या ग्रामपंचायत अधिनियमाने महाराष्ट्रात तिला कायद्याचे स्थान दिले, आणि 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आलेल्या 73व्या घटनादुरुस्तीने तिला राज्यघटनेत स्थान मिळाले. आज आपल्या राज्यात आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. पुरेशा कारणावाचून त्या न बोलाविणाऱ्या सरपंचास पद गमवावे लागू शकते. प्रत्येक नियमित सभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी, असेही कायदा सांगतो. आर्थिक वर्षाची पहिली सभा दोन महिन्यांच्या आत भरवून तिच्यापुढे गतवर्षाचा जमाखर्च, प्रशासनाचा अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि लेखापरीक्षणाचे शेरे ठेवावे लागतात.

इतके हक्क हाती असताना सतरंजी रिकामी का राहते? लोक आळशी आहेत, हे उत्तर सोपे आहे. ते खरे नाही. सभेस जावयाचे म्हणजे मजुराने अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावयाचे, गृहिणीने चूल आणि जनावरे कोणावर तरी सोपवावयाची. हा भुर्दंड ज्याचा त्याला, रोख आणि आजच. उलट सभेतून निष्पन्न होणारा लाभ साऱ्या गावाचा, आणि तोही उद्याचा. नीट बांधलेल्या रस्त्यावरून सभेस गेलेलाही चालतो आणि न गेलेलाही चालतो. तेव्हा प्रत्येकाने ‘दुसरा कोणी जाईलच’ असा हिशेब केला, तर तो त्याच्यापुरता चुकीचा म्हणता येत नाही. मात्र साऱ्यांनीच तो केला की सभेला तीच मंडळी उरतात ज्यांचा लाभ रोख आणि आजचा असतो. ठेकेदार कधी गैरहजर राहत नाही.

नियमांची एक पळवाटही येथे त्यांच्या उपयोगी पडते. सभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. म्हणजे चार हजार मतदारांच्या गावातही शंभर माणसे पुरतात. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणून पहिल्या सभेला न जाणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे. ते मूठभरांच्या हाती कोरा कागद देणे होय. चौदाव्या वित्त आयोगाने 2015 ते 2020 या पाच वर्षांसाठी देशभरातील ग्रामपंचायतींकरिता सुमारे दोन लाख कोटी रुपयांची शिफारस केली, तेव्हापासून तर हा कोरा कागद विलक्षण महाग झाला आहे.

4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनासमितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याविषयीच्या भाबड्या गौरवाचा कठोर समाचार घेतला होता. खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातिभेदाचे आगर आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ‘पंचांमुखी परमेश्वर’ म्हणणाऱ्यांनी हा आक्षेप नेहमी स्मरणात ठेवावा. कारण पंचांच्या मुखाने परमेश्वर बोलतो की गावातील बडे घराणे बोलते, हे सभा कशी चालते यावर ठरते. जेथे नियम नाहीत तेथे आवाज चालतो, नाते चालते, दरारा चालतो. या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी नाहीत, अशा भूमिहीन मजुराला, विधवेला किंवा गावकुसाजवळच्या वस्तीतील तरुणाला एकच आधार उरतो, तो सभेच्या पद्धतीचा. म्हणून सभेचे नियम आणि शिष्टाचार ही शहरी औपचारिकता आहे, असे समजणे चूक आहे. ते दुबळ्याचे हत्यार आहे.

हे हत्यार चालवावे कसे? त्याचा आरंभ सभेच्या दिवशी होत नाही. सभेची सूचना सात दिवस आधी लागली पाहिजे. ती फलकावर लागली का, दवंडी वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली का, आणि विषयपत्रिकेत काय आहे, हे प्रथम पाहावे. आपला विषय असेल तर तो लेखी, वेळेवर द्यावा आणि पोच घ्यावी. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली महत्त्वाचे ठराव येऊ लागले, तर तेथेच उभे राहून हरकत घ्यावी. कारण ज्याची पूर्वसूचनाच नव्हती, त्यावर गावाने विचार केला असे म्हणता येत नाही.

सभेत बसल्यावर उपस्थितीच्या वहीत सही करावी, पण ती सभेतच करावी. वही घेऊन शिपाई घरोघर हिंडतो आणि आपण ओळखीखातर सही करतो, ही प्रथा म्हणजे आपल्याच हाताने आपला हक्क विकणे आहे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. ते कंटाळवाणे असते, हे खरे; पण गेल्या सभेत जे बोललेच गेले नाही ते लिहिले गेले आहे का, हे कळण्याची वेळ तीच. बोलताना अध्यक्षांना उद्देशून बोलावे, समोरच्या माणसाला उद्देशून नव्हे. हा नियम वरवर पाहता निव्वळ सभ्यतेचा वाटतो. परंतु ज्या गावात बांधावरून तीन पिढ्यांची भाऊबंदकी चालत आली आहे, तेथे दोन माणसांची नजर एकमेकांवरून काढून विषयाकडे वळविण्याची सोय दुसरी कोणती? एकाने बोलून झाल्यावर दुसऱ्याने बोलावे. जो एकदा बोलला त्याने, न बोललेल्यांची पाळी होईपर्यंत थांबावे. मागे, दाराशी उभ्या असलेल्या बायांना पुढे बसावयास जागा द्यावी आणि त्यांच्या सभेत काय ठरले, ते आधी ऐकावे.

प्रश्न कसा विचारावा, यालाही महत्त्व आहे. ‘सगळे पैसे खाल्ले’ असे ओरडण्याने टाळ्या मिळतात, उत्तर मिळत नाही. ‘गेल्या वर्षी नळयोजनेच्या दुरुस्तीवर किती खर्च झाला, त्याची बिले आणि मोजमाप पुस्तिका सभेपुढे ठेवावी’ असे शांतपणे म्हटले, तर उत्तर द्यावेच लागते. न दिल्यास ते दिले नाही, याची नोंद करून घेता येते. राजस्थानातील पाली जिल्ह्यात, कोट किराणा येथे, डिसेंबर 1994 मध्ये झालेल्या जनसुनावणीत हेच घडले. ती ग्रामसभा नव्हती. मजुरांच्या संघटनेने भरविलेली ती सभा होती. तेथे घोषणा देण्याऐवजी कामांची बिले आणि हजेरीपटावरील नावे मोठ्याने वाचली गेली, आणि कोणाच्या नावे किती मजुरी उचलली गेली ते ज्याचे त्याला कळले. कागद चारचौघांत वाचण्याच्या या साध्या रीतीतून जे आंदोलन उभे राहिले, त्याची परिणती 2005च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात झाली.

शेवटची खबरदारी ठरावाची. ठरावाचे शब्द सभा संपण्यापूर्वी वाचून घ्यावेत. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे नोंदले गेले का ते पाहावे. आपला विरोध असेल तर ‘माझा विरोध इतिवृत्तात लिहावा’ एवढेच म्हणावे आणि बसावे. एका माणसाच्या विरोधाने ठराव पडणार नाही; पण ‘सर्वानुमते’ हा शब्द मात्र लिहिता येणार नाही.

हे सारे पुस्तकी वाटत असेल तर दोन उदाहरणे पाहावीत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची रीत पाडली, आणि त्यासाठी आधी अभ्यासगट नेमून विषय समजून घेण्याची शिस्त लावून घेतली. सर्वसहमती तेथे चर्चेनंतर येते, चर्चेऐवजी नव्हे. त्या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 2011 मध्ये आपला बांबू आपण विकण्याचा अधिकारही त्याने प्रत्यक्षात आणला. दुसरे उदाहरण ओडिशातील नियमगिरीचे. तेथील डोंगरात बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी ग्रामसभांकडे सोपविला. त्या वर्षी 12 गावांच्या सभा न्यायाधीशाच्या देखरेखीखाली रीतसर भरल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. त्या नकारात वजन होते, कारण प्रत्येक सभा नियमाने भरली होती आणि प्रत्येक शब्द नोंदला गेला होता.

यावर कोणी म्हणेल की आमच्या गावी असे काही बोलले तर वैर येते. ही भीती खोटी नाही. एकट्याने उठून बोलणाऱ्याला गावात उद्या पाण्याच्या पाळीपासून अडचणी येऊ शकतात. म्हणूनच एकट्याने जाऊ नये. शेजारच्या चार घरांनी विषयपत्रिका आदल्या रात्री एकत्र वाचावी, कोणता प्रश्न कोणी विचारावयाचा ते ठरवावे आणि एकत्र जाऊन बसावे. गाव करील ते राव काय करील, ही म्हण आपण अभिमानाने उच्चारतो. तिची पहिली अट अशी की गावाने आधी जमले पाहिजे.

या कामी शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्यावर विशेष जबाबदारी येते. ज्यांचे नाव गावच्या मतदारयादीत आहे ते पोटापाण्यासाठी तालुक्याला राहोत वा जिल्ह्याला, ते ग्रामसभेचे सभासद आहेत. टिपणी, जमाखर्च, इतिवृत्त यांची भाषा त्यांच्या नित्य परिचयाची असते. गावातील बहुसंख्यांना ती परकी वाटते. सूचना वाचून दाखविणे, अर्ज लिहून देणे, जमाखर्चातील ओळ समजावून सांगणे, याला राजकारण म्हणत नाहीत. ज्याला नियम कळतात त्याने ते स्वतःपाशी ठेवले, तर तो गावातील आणखी एक सत्ताधारी होतो. त्याने ते वाटून टाकले, तर सभा जिवंत होते.

येत्या ग्रामसभेची सूचना फलकावर लागेल, तेव्हा ती थांबून वाचावी आणि शेजाऱ्याला वाचून दाखवावी. सतरंजी पसरणे हे पंचायतीचे काम आहे. तिच्यावर जाऊन बसणे हे आपले.