टोळी निघण्याआधी शाळेत जाऊन या

मैत्रिणींनो, जूनमध्ये लेकराचं नाव पहिलीत घातलं, पाटी-दप्तर आणलं, की आपण सुटलो असं वाटतं. आपल्या बीड जिल्ह्यात खरी अडचण दसरा-दिवाळीला येते. उचल घेतलेली असते, मुकादमाचा निरोप येतो आणि नुकतंच अक्षर गिरवू लागलेलं पोर ऊसतोडीच्या वाटेला लागतं.

नाव घालताना जन्मदाखला नसला तरी घाबरू नका. शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू आहे. दाखल्यावाचून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीतली नोंद चालते. तारीख मात्र अंदाजाने ठोकू नका. (आमच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनलाच!)

आता जाण्याचं. घरी आजी खंबीर असेल तर लेकरू तिच्यापाशी ठेवावं, असं माझं मत. शाळेत हंगामी वसतिगृह मंजूर आहे का, ते गुरुजींना विचारा आणि नाव आधीच सांगून ठेवा. जेवणाची सोय तिथे होते, म्हणजे आजीवर भार पडत नाही. धाकट्याला सांभाळायला थोरलीची शाळा मात्र बुडवू नका, बायांनो.

सोबत न्यायचंच असेल तर गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत वर्षाच्या मध्येही बसवता येतं. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. कार्ड रेशनकार्डाच्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. अवकाळीत कोपी गळते, तेव्हा कागद आधी भिजतात.