लहान मोटारी आणि मोठे शहाणे

मोठ्या वयाच्या माणसानें डोळ्याला भिंग लावून वीतभर लांबीची मोटार जोडीत बसावें, तिच्या दारांच्या कडा घासाव्या, तिच्या इंजिनाला केंसाएवढ्या बारीक तारा लावाव्या आणि या उद्योगांत महिना-दीड महिन्याच्या संध्याकाळी खर्ची घालाव्या, हा प्रकार आमच्या सुशिक्षित समाजाला अजूनहि हास्यास्पद वाटतो. कोणी त्याला पोरखेळ म्हणतो, कोणी नुसती नक्कल म्हणतो, कोणी निरुपयोगी उधळपट्टी म्हणतो, आणि अगदीं अलीकडचा शहाणा असेल तर तो विचारतो, ‘हें सारें आतां यंत्र छापून देतें, मग हात कशाला शिणवायचे?’ हे चारहि आक्षेप आम्हीं पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहेत, आणि त्यांतला एकहि विचारान्तीं टिकत नाहीं असें आमचें स्पष्ट मत आहे. इतकेंच नव्हे, तर या आक्षेपांच्या मुळाशीं मोटारींविषयींचें कसलेंच मत नसून, हाताच्या कामाविषयीं आमच्या पांढरपेशा वर्गाच्या मनांत मुरलेली जुनी तुच्छता आहे. म्हणून विषय दिसायला लहान असला तरी त्याचा परामर्श घेणें अवश्य आहे.

प्रथम पोरखेळाचा आक्षेप घेऊं. मोटारीची लहान प्रतिकृति ही केवळ मुलांच्या खेळघरांतली वस्तू कधींच नव्हती. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें 1927 सालीं हार्ली अर्ल यांच्या हाताखालीं मोटारींच्या रूपरचनेचा स्वतंत्र विभाग काढला, आणि नव्या मोटारीचें रूप आधीं मातींत घडवून पाहण्याची पद्धत त्या धंद्यांत रुजली. आज संगणक हाताशीं असतांहि अनेक कारखान्यांतून ही माती सुटलेली नाहीं. त्याच कंपनीच्या फिशर बॉडी विभागानें 1930 पासून 1968 पर्यंत मुलांसाठीं प्रतिकृतींची एक स्पर्धा चालविली. आरंभीं नेपोलियनच्या काळच्या राजेशाही घोडागाडीची प्रतिकृति करावी लागे. पुढें स्वतः कल्पिलेल्या मोटारीची करतां येऊं लागली. बक्षीस मिळे तें कॉलेजच्या शिक्षणासाठीं शिष्यवृत्तीच्या रूपानें. 1947 सालीं या स्पर्धेंत चक् जॉर्डन या विद्यार्थ्यानें बाजी मारली, आणि हेच जॉर्डन 1986 सालीं जनरल मोटर्सच्या रूपरचना विभागाचे प्रमुख झाले. ए. एम. टी. ही दुसरी अमेरिकन कंपनी 1948 सालीं निघाली ती मोटारी विकणाऱ्या पेढ्यांना छोट्या प्रतिकृती पुरवीत. गिऱ्हाइकाला नव्या मोटारीचें रूप आणि रंग दाखविण्याचें तें साधन होतें. पुढें 1958 सालीं तिनें एकाच पेटींतील सुट्या भागांतून तीन प्रकारें बांधतां येईल अशी मोटार बाजारांत आणली, आणि हा छंद घरोघर पोंचला. ज्या ‘पोरखेळां’तून एका प्रचंड उद्योगाचा रूपरचनाकार निघाला, त्याला हंसण्यापूर्वीं आमच्या शहाण्यांनीं आपल्या प्रौढ खेळांतून काय निघालें याचाहि हिशेब करावा.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा आहे. आक्षेपक म्हणतात, ‘ज्या कारागिरींत नवें कांहीं निर्माण होत नाहीं, ती कला कसली? कारखान्यांत पाडलेले तुकडे चिकटविणें म्हणजे कांहीं मूर्ति घडविणें नव्हे.’ हें बोलणारानें असे तुकडे कधीं हातांत धरलेले नाहींत हें उघड आहे. सांच्यांतून निघालेलें प्लास्टिक हा नुसता कच्चा माल असतो. त्यावर सांच्याचा तेलकटपणा असतो, म्हणून तें आधीं साबणाच्या पाण्यांत धुवावें लागतें. जेथें सांच्याचे दोन भाग मिळतात तेथें एक पुसट रेघ उमटलेली असते. ती खऱ्या मोटारीवर नसते, म्हणून घासून काढावी लागते. चिकटविण्याचा द्रव हा खरें पाहतां डिंक नव्हेच; तो प्लास्टिक विरघळवून दोन तुकड्यांचा सांधा एकजीव करतो, आणि थेंबभर अधिक पडला तर महिन्याचें काम क्षणांत बिघडवितो.

आतां प्रमाणाचें गणित पाहावें. चोविसाव्या हिश्शाच्या प्रतिकृतींत चार मीटरांची मोटार सुमारें पावणेसतरा सेंटिमीटरांची होते. वजन मात्र चोविसाव्या हिश्शानें उतरत नाहीं. तें चोवीस गुणिलें चोवीस गुणिलें चोवीस, म्हणजे 13,824 व्या हिश्शानें उतरतें, आणि हजार किलोंची मोटार हिशेबानें अवघी 72 ग्रॅमांची ठरते. खऱ्या मोटारीवर रंगाचा थर साधारण एक दशांश मिलिमीटर असतो. तोच थर प्रतिकृतीवर चढविला तर तो त्या मापानें जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड झाला! दाराभोंवतीं चार मिलिमीटरांची फट असेल, तर प्रतिकृतींत ती मिलिमीटराच्या सहाव्या हिश्शाएवढी उरते. दोन्हीं कडांवर तसा रंग बसतांच ती बुजून जाते, आणि दार हें दार न राहतां भिंत होतें. चकाकणाऱ्या रंगांतला धातूचा कण तर चोवीसपट मोठा भासतो. म्हणजे निव्वळ नक्कल करणाराचें चित्र येथें हमखास खोटें पडतें. थर किती पातळ, चकाकी किती मंद, सांवली किती गडद, हें प्रत्येक ठिकाणीं डोळ्यानें आणि बुद्धीनें ठरवावें लागतें. चित्रकारहि समोरच्या डोंगराचें चित्र काढतांना हेंच करतो. तेथें मात्र आम्ही त्याला नकल्या म्हणत नाहीं.

शिवाय हें काम ज्ञानावांचून होत नाहीं. जपानमध्यें शिझुओका येथें तामिया नांवाची कंपनी आहे. 1946 सालीं ती लाकडाच्या धंद्यांतून सुरू झाली आणि पुढें प्रतिकृतींच्या जगांत अग्रगण्य ठरली. तिचे चालक शुन्साकु तामिया यांनीं पोर्शे 911 ही मोटार विकत घेऊन ती भाग न् भाग सुटी केली, आणि त्या अभ्यासांतून 1976 सालीं पोर्शे 934 ची बाराव्या हिश्शाची प्रतिकृति बाहेर पडली. असा भांडवली अभ्यास सामान्य छांदिष्टाला परवडत नाहीं. पण त्याच जातीचा अभ्यास त्याला करावा लागतोच. चार सिलिंडरांच्या इंजिनाला तो विजेच्या तारा लावूं लागला कीं ठिणगी कोणत्या क्रमानें पडते हें त्याला शोधावें लागतें, आणि तो क्रम बहुधा एक, तीन, चार, दोन असा असतो हें कळल्यावर तसा तो कां, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. आमच्या व्यवसायांत इंजिनावर बिनचूक निबंध लिहिणारे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतल्या कित्येकांनीं आयुष्यांत मोटारीचें बॉनेट उघडून पाहिलेलें नसतें. वीतभर मोटार जोडणारा मुलगा या बाबतींत त्यांचा गुरु ठरावा.

तिसरा आक्षेप निरुपयोगाचा आणि खर्चाचा. खर्चाचें उत्तर सोपें आहे. साध्या चांगल्या किटची किंमत सुखवस्तु कुटुंबाच्या एक-दोन वेळच्या हॉटेलांतील जेवणाइतकी असते, आणि तें जेवण महिनाभर पुरत नाहीं. निरुपयोगाचा प्रश्न मात्र खोल आहे. ‘याचा उपयोग काय?’ असें आमचा वर्ग विचारतो, तेव्हां त्याचा अर्थ ‘याचें प्रमाणपत्र मिळतें काय?’ एवढाच असतो. मूल चित्र काढूं लागलें कीं त्याला परीक्षेला बसवावयाचें, गाऊं लागलें कीं स्पर्धेंत उभें करावयाचें, आणि ज्या छंदाला परीक्षा नाहीं त्याला वेळेचा अपव्यय म्हणावयाचें, ही आमची रीत होऊन बसली आहे. याचा परिणाम दिवाळींतील किल्ल्यावर पाहावा. दगड, विटा, माती आणि गोणपाट गोळा करून अंगणांत किल्ला रचणें, त्यावर अळीव पेरणें, बुरुज ढासळला तर पुन्हां उभारणें, ही महाराष्ट्रांतल्या मुलांची पिढ्यान् पिढ्या चालत आलेली प्रतिकृति-विद्याच होती. आज तोच किल्ला बाजारांत तयार मिळतो. आईबाप तो विकत आणतात, मुलाला त्याच्यापुढें उभें करून छायाचित्र काढतात, आणि परंपरा राखल्याचें समाधान मानतात. किल्ला घरांत आला खरा; पण त्याबरोबर मुलाच्या हातीं जें यावयाचें तें बाजारांतच राहिलें. ज्या समाजांत सुतारकाम सुताराचें, गवंडीकाम गवंड्याचें आणि सुशिक्षिताचें काम केवळ सही करण्याचें अशी वांटणी शतकानुशतकें चालली, तेथें हाताला वळण लावणारा कोणताहि छंद निरुपयोगी नाहीं. चुकलेला रंग पुसून पुन्हां पहिल्यापासून लावावयाचा, थर वाळेपर्यंत थांबावयाचें, आणि प्रतिकृतीच्या तळाची जी बाजू कोणीहि उलटून पाहणार नाहीं तीहि नीट करावयाची, हें शील पाठ्यपुस्तकांतून शिकवितां येत नाहीं.

याचा अर्थ छांदिष्ट मंडळी निर्दोष आहेत असा नव्हे. त्यांच्यांत एक पंथ असा आहे कीं, जो पेट्या विकत घेतो आणि कधींच उघडत नाहीं. कपाटें भरतात, हात रिकामे राहतात. न उघडलेल्या पेटीची किंमत उद्यां वाढेल या आशेवर बसणारा मनुष्य सावकार असेल, कारागीर खचित नव्हे. दुसरा पंथ दुसऱ्याच्या कामांतले रिव्हेट मोजीत बसणाऱ्यांचा. नवशिक्या मुलानें मोठ्या आनंदानें मोटार दाखवावी आणि यांनीं तिच्या चाकाची पट्टी अर्धा मिलिमीटर जाड असल्याचें सांगून त्याचा हिरमोड करावा, हें ज्ञान नसून ज्ञानाचा माज आहे. बंद खोलींत रंगाचा फवारा मारून घरभर वाफा करणारे बेफिकीर लोकहि आहेत. खिडकी उघडी ठेवणें आणि योग्य मुखपट्टी बांधणें हा या कामाचा पहिला नियम होय. परंतु हे दोष माणसांचे आहेत. वेदपाठकांत दांभिक निघाला म्हणून कोणी वेद बुडवीत नाहीं.

राहतां राहिला यंत्राचा आक्षेप. त्रिमितीय छपाईचें यंत्र आज सुटे भाग करून देतें हें खरें, आणि आम्हांला त्याचा आनंदच आहे. कानस आली तेव्हांहि दगडानें घासण्याचा आग्रह धरणें वेडेपणाचेंच झालें असतें. पण यंत्राला माप कोण देणार? एक जवळचें उदाहरण घेऊं. वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट 1100 च्या घराण्यांतली पद्मिनी तयार होई. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचें रूप म्हणजे कित्येक दशकें हीच मोटार. 2023 च्या ऑक्टोबरांत शेवटच्या नोंदलेल्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ती रस्त्यावरून गेली. त्या वेळीं शहराला गहिंवर आला, लेख झाले, छायाचित्रें झालीं. पण डाव्या बाजूला बाहेर बसविलेलें तें भाड्याचें मीटर, टपावरचा तो सामानाचा कठडा, हातानें वरखालीं होणाऱ्या त्या कांचा, यांचीं मापें किती जणांनीं टिपून ठेवलीं? गहिंवर हा आठवणीचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. जो मनुष्य पट्टी घेऊन एखाद्या गॅरेजांत उरलेल्या पद्मिनीजवळ जाईल, तिच्या दाराची मूठ मोजील, आणि त्या मापानें सोळा सेंटिमीटरांची टॅक्सी उभी करील, त्यानें या शहराची आठवण लेख लिहिणाऱ्या आम्हां सर्वांपेक्षां अधिक प्रामाणिकपणें राखली असें होईल. यंत्र त्याला मदत करील. त्याच्याऐवजीं पाहणार मात्र नाहीं.

सारांश, हा वाद खेळण्यांचा नाहीं, घरांतल्या एका टेबलाचा आहे. तें टेबल मुलाला किंवा निवृत्त वडिलांना मोकळें करून द्यावें कीं नाहीं, त्यावर पसरलेले तुकडे आठ दिवस तसेच राहूं द्यावे कीं पाहुणे येणार म्हणून गोळा करून डब्यांत भरावे, हें प्रत्येक कुटुंबाला ठरवावयाचें आहे. आमची सूचना इतकीच कीं, पाहुण्यांना दुसरीकडे बसवावें. आणि पहिली मोटार पुरी झाल्यावर, रंग ओघळलेला असला, कांचेवर बोटाचा ठसा असला, तरी किती मार्क मिळतील हें न विचारतां ‘दुसरी कोणती करणार?’ एवढेंच विचारावें.