किमोनोतील पियानोवादिका

जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडविलेले संगीत. एखाद्या जपानी तरुणीने ते वाजवावे याचे १९५० च्या सुमारास लोकांना मोठे नवल वाटे. तोशिको आकियोशी यांना पहिली प्रसिद्धी लाभली ती बव्हंशी या नवलापोटीच, आणि याची त्यांना स्वतःला पुरेपूर जाणीव होती.

त्यांचा जन्म १९२९ साली मांचुरियातील लियाओयांग येथे झाला. चार बहिणींत त्या सर्वांत धाकट्या. घर सुखवस्तू होते आणि पियानोचे शिक्षण लहानपणीच सुरू झाले होते. युद्धात जपानचा पराभव होताच कुटुंबाचे सर्वस्व गेले. १९४६ मध्ये ही मंडळी जपानमधील बेप्पू या गावी येऊन राहिली. आता घरी पियानो कोठून असणार? तेव्हा वाजवावयास पियानो मिळेल एवढ्या ओढीने या मुलीने एका नृत्यगृहात वादकाचे काम पत्करले. पुढे एका रसिकाने टेडी विल्सन या पियानोवादकाची ध्वनिमुद्रिका तिला ऐकविली आणि तिची वाट ठरून गेली.

१९५३ मध्ये ऑस्कर पीटरसन यांच्या शिफारशीवरून नॉर्मन ग्रांझ यांनी तोकियोत तिचे वादन मुद्रित केले. १९५६ साली बॉस्टनच्या बर्कली संगीत विद्यालयात शिष्यवृत्ती मिळवून ती दाखल झाली. त्या संस्थेतील ती पहिलीच जपानी विद्यार्थिनी. किमोनो नेसून पियानोवर बसलेल्या या तरुणीला पाहावयास लोक जमत. पाहावयास आलेले ऐकावयास थांबतील काय, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर मिळण्यास जवळजवळ वीस वर्षे लागली. १९७३ मध्ये लॉस एंजेलिस येथे तोशिको आणि त्यांचे पती, सॅक्सोफोन व बासरीवादक ल्यू टबॅकिन, यांनी सोळा वादकांचा वृंद उभारला. एवढा मोठा वृंद पोसणे त्या काळी व्यवहाराला धरून नव्हतेच. परंतु रचना तोशिकोबाईंच्या आणि प्रमुख वादन टबॅकिन यांचे, ही जोडी विलक्षण जमली. ड्यूक एलिंग्टन यांनी आपल्या समाजाचा वारसा अभिमानाने संगीतात आणला होता. मग आपण आपला वारसा का आणू नये, असे तोशिकोबाईंना वाटू लागले. युद्ध संपल्याचे न मानता फिलिपाइन्सच्या जंगलात एकोणतीस वर्षे राहिलेला जपानी सैनिक हिरू ओनोदा १९७४ मध्ये बाहेर आला. ‘कोगुन’ ही त्यांची रचना त्याच्यावरूनच सुचलेली. तीत नो नाट्यातील गायन आणि त्सुझुमी हे तालवाद्य आहे. आपल्या डमरूप्रमाणे मध्ये निमुळते असलेले हे वाद्य दोऱ्या आवळून स्वर चढविते. जॅझच्या वृंदात ते पाहुण्यासारखे वाटत नाही, यातच रचनाकर्तीचे कसब आहे.

‘मिनामाता’ ही १९७६ ची रचना तर आम्हांस त्यांच्या कामगिरीतील सर्वांत धाडसी वाटते. मिनामाता येथील कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे मासे विषारी झाले आणि ते खाणारी कोळ्यांची कुटुंबे पंगू झाली. शांत गाव, भरभराट आणि तिचे परिणाम अशा क्रमाने ही कथा स्वरांतून उलगडते. आरंभी ऐकू येणारा कोवळा आवाज आहे तोशिकोबाईंच्याच लहानग्या मुलीचा.

पुढे एका बौद्ध भिक्षूने त्यांना हिरोशिमावर रचना करण्यास सांगितले. बाँबहल्ल्याची छायाचित्रे पाहून त्या हबकल्या. या संहाराला संगीत देऊन काय साधणार, असे त्यांना वाटले. एका छायाचित्रात मात्र तळघरातून बाहेर येणारी एक तरुणी हसत होती. ते पाहून त्यांनी लेखणी उचलली. ६ ऑगस्ट २००१ रोजी हिरोशिमातच ही रचना प्रथम सादर झाली आणि तिचा अखेरचा भाग ‘आशा’ या नावाचा होता. २००३ मध्ये त्यांनी वृंद विसर्जित केला. वृंदाच्या व्यापात पियानो मागे पडला होता. त्याकडे त्यांना परत वळावयाचे होते.