‘तीन महिने बघू’ म्हणणाऱ्या मालकांना

मे अखेरीस पोरं घ्यायची, ‘तीन महिने बघू, मग कायम करू’ म्हणायचं, पावसाळाभर खड्डे, माती, लॉन सगळं उरकून घ्यायचं आणि गणपती झाले की ‘काम जमत नाही’ म्हणून घरी धाडायचं. पुण्यात बागकामाचे ठेके घेणारे माझे कितीतरी व्यवसायबंधू दरवर्षी हेच करतात. ही फसवणूक आहे. मी याच धंद्यात आहे, म्हणून स्पष्ट बोलतो.

बघायचंच म्हणता, तर बघता काय? पावसाळ्यात झाडांना पाणी आभाळ घालतं. माणसाला पाणी कळतं की नाही, हे मार्च-एप्रिलमध्ये उघड होतं. माती बोटाने चाचपून पाणी देतो, की रोज पाइप फिरवून मुळं कुजवतो? रोप लावताना काळी पिशवी काढतो, की तशीच पुरतो? जास्वंद छाटताना डोळ्याच्या वर कातरतो का? ब्रश कटर चालू करण्याआधी गवतातले दगड वेचतो का? हे पाहायला मालकाने साइटवर उभं राहावं लागतं. तुम्ही मुकादमाला फोन करून हजेरी विचारता. मुकादमाला दिसतात ते खाडे आणि उलट उत्तरं.

वर रोज कमी, कारण ‘अजून शिकतोय’. प्रोबेशनवर आहे म्हणून किमान वेतनाहून कमी द्यायची मुभा 1948 च्या कायद्यात नव्हती, 2019 च्या वेतन संहितेतही नाही. कटरखालून उडालेल्या खड्याने डोळा गेला, तर पोरगा तिसऱ्या दिवसाचा की तिसऱ्या वर्षाचा, हे भरपाईच्या कायद्याने 1923 पासून विचारलेलं नाही. तरी गॉगल म्हणे कायम झाल्यावर. शरम वाटली पाहिजे.

पहिल्याच दिवशी त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहून द्या: रोज किती, मुदत किती, काय जमलं पाहिजे. चुकलं की तिथेच, त्या वाफ्यापाशी करून दाखवा. नाहीच जमलं तर तोंडावर सांगा आणि पूर्ण हिशेब हातात ठेवा. उचलीचं निमित्त काढून पैसे अडकवू नका. काढून टाकायला माझा विरोध नाही. चौघांच्या टोळीत एक अंगचोर असला की उरलेल्या तिघांची कंबर मोडते, आणि त्याला पोसणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

‘शिकवलं की पळून जातात’ ही तुमची कायमची तक्रार. जातात, कारण दुसरा ठेकेदार रोजाला पन्नास रुपये जास्त देतो आणि तुम्ही तिसऱ्यांदा मुदत वाढवलेली असते. खोली भाड्याने घ्यायची, मुलीचं नाव शाळेत घालायचं, तर पुढच्या महिन्यात काम आहे की नाही हे त्याला कळायला नको? तेवढंही न सांगता त्याच्याकडे इमान मागायला तुम्ही कोण?