रोलर फक्त बुलेटच्या सायलेन्सरवरच का फिरतो?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. गाडी असो वा नसो, शेवटपर्यंत वाचा. श्वास तर सगळेच घेतो.

दर काही महिन्यांनी आम्ही पत्रकार एक ठरलेली बातमी छापतो. बुलेटचे फटाका सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडलेले, त्यावरून रोड रोलर फिरतोय, बाजूला साहेब उभे. फोटो झकास येतो. या कारवाईला माझा विरोध नाही, उलट ती रोज व्हावी. रात्री अकराला दवाखान्यासमोरून फटफट फटाके फोडत जाणाऱ्याचं कौतुक कुणी करू नये.

पण मला सांगा, १५-२० लाखांच्या टर्बो कारच्या पोटाखालचा प्रदूषण रोखणारा भाग उपटून टाकला जातो, त्यावर कधी रोलर फिरलेला पाहिलाय? मी तरी नाही. कारण तो दिसत नाही, फोटोत येत नाही, आणि खरं सांगायचं तर ती गाडी बहुतेक वेळा कुणाच्या तरी ओळखीची असते. शेतकऱ्याच्या पोराची बुलेट चौकात अडवणं सोपं. बिल्डरच्या पोराची कार जॅकवर चढवून खाली वाकून बघणं अवघड.

विषय आहे डाउनपाइपचा. तरुण पोरं मेसेज करून विचारतात, "दादा, कुठला टाकू? कॅटवाला की डीकॅट? अडीच इंची की तीन?" वीस वर्षं गाड्यांच्या आणि आरटीओच्या बातम्या करतोय म्हणून विचारत असतील. तर आज जाहीर उत्तर देतो.

आधी तो असतो काय, ते बघू. टर्बो गाडीत इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक चक्र फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. टर्बोतून वायू बाहेर पडला की पहिला पाइप लागतो तो डाउनपाइप. आजच्या बऱ्याच गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिथंच, टर्बोला चिकटून असतो. कारण अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय तो नीट काम करत नाही, म्हणून त्याला चुलीजवळ बसवलेलं असतं. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा मुलामा. कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड यांचं तो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधा नायट्रोजन करून टाकतो.

आता पोरांची बाजूही मांडतो, कारण ती अगदीच खोटी नाही. टर्बोच्या पुढची वाट मोकळी केली की टर्बो लवकर फिरतो, हे विज्ञान आहे. पण नुसता पाइप बदलून फारसं काही हाती लागत नाही. किती दाब द्यायचा हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. म्हणून पाइपापाठोपाठ 'रीमॅप' येतो, मग क्लच, मग गिअरबॉक्स. एकच उदाहरण घ्या. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या दीड लिटर टीएसआय इंजिनाचा टॉर्क कंपनीतून निघतानाच २५० न्यूटन मीटर आहे. त्याला जोडलेल्या डीक्यू२०० या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची ठरलेली क्षमताही २५०च आहे. म्हणजे ताट आधीच भरलेलं आहे, त्यात अजून वाढायचं म्हणजे सांडणारच. गिअरबॉक्स गेला की वॉरंटीच्या नावानं बोंब. विमा कंपनीलाही न सांगता केलेला बदल म्हणजे दावा नाकारायला आयतं निमित्त.

बरं, हा झाला तुमच्या खिशाचा प्रश्न. तुमची हौस, तुमचे पैसे, मी कोण बोलणारा? पण धूर तुमच्या खिशात राहत नाही ना राव! तो शाळा सुटताना फाटकाशी उभ्या असलेल्या पोरांच्या नाकात जातो. चौकात दिवसभर उभ्या असलेल्या भाजीवाल्या मावशींच्या नाकात जातो. आणि डिझेल गाडीतला डीपीएफ म्हणजे काजळी पकडणारा फिल्टर काढणाऱ्यांनी तर नीट ऐकावं. डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१२ मध्येच जाहीर केलंय. तुमच्या गाडीचा पिकअप दोन सेकंदांनी सुधारावा म्हणून त्या मावशींनी ते ओढायचं का?

यावर तीन उत्तरं हमखास येतात.

पहिलं : "पीयूसी पास आहे." पेट्रोल गाडीची पीयूसी गाडी जागेवर उभी करून होते. ती कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. नायट्रोजनचे ऑक्साइड ती मोजतच नाही. आणि गाडी न बघता पीयूसीची पावती कुठे मिळते, हे या शहरात मी कुणाला सांगायची गरज आहे का?

दुसरं : "ट्रक आणि एसटी किती धूर सोडतात ते बघा." बघतोच आहे, त्यावर लिहिलंही आहे. पण शेजाऱ्यानं गटार तुंबवलं म्हणून आपण विहिरीत घाण टाकायची, हा कुठला न्याय?

तिसरं : "चेक इंजिनचा दिवा लागत नाही, म्हणजे सगळं ओके." अहो, तो लागत नाही कारण लागू दिला जात नाही. कॅटच्या पुढे एक सेन्सर असतो. कॅट काम करत नाही हे त्याला लगेच कळतं आणि तो दिवा लावतो. मग गॅरेजवाला तिथं एक छोटा स्पेसर घालतो, नाहीतर सॉफ्टवेअरमधून ती तक्रारच बंद करतो. गाडी स्वतः ओरडून सांगतेय की मी विष ओकतेय, आणि आपण तिचं तोंड बांधतोय.

आता कायदा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १८२ए वाचा. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कलम १९०(२) प्रमाणे आवाज आणि हवा-प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, वर तीन महिने लायसन्स बाद.

पण खरी गोम पुढे आहे. त्याच १८२ए मध्ये नियमबाह्य गाडी विकणाऱ्या किंवा तसा बदल करून देणाऱ्या 'डीलर'ला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड आहे. आणि याच कायद्याच्या व्याख्येत डीलर म्हणजे फक्त शोरूमवाला नाही. गाड्या दुरुस्त करणाराही त्यात येतो! म्हणजे 'स्टेज टू करून मिळेल' असे रील टाकून राजरोस जाहिरात करणारा गॅरेजवाला कायद्याच्या कक्षेत आहे. पुरावा शोधायला जायचीही गरज नाही, तो स्वतःच रोज अपलोड करतोय. तरी कारवाई कुणावर होते? चौकातल्या पोरावर. माल विकणारा मोकळा, घेणारा दोषी. हा कसला कायद्याचा धाक?

गाडीवाल्यांना अजून एक सांगतो. काढलेला कॅट गॅरेजमध्येच "राहू दे, भंगार आहे" म्हणून ठेवून घेतला जात असेल तर दोनदा विचार करा. त्यातले धातू मौल्यवान आहेत. पाइपाचे पैसे देऊन वर ते फुकट सोडून येणारा कोण, ते तुम्हीच ठरवा.

तर आता उत्तर. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला डाउनपाइप कुठला? कंपनीचा. फुटला, गंजला तर पुन्हा कंपनीचाच. डीकॅट तर नाहीच नाही. २०० सेलचा 'स्पोर्ट्स कॅट' डीकॅटपेक्षा बरा, पण कंपनीच्या कॅटपेक्षा त्याची जाळी विरळ असते आणि तुमच्या गाडीला ज्या चाचणीवर मंजुरी मिळाली ती त्याच्यावर झालेली नाही. परदेशी बनवणारे बरेच जण स्वतःच लिहून देतात की हा माल सार्वजनिक रस्त्यासाठी नाही. ते आपल्याला इन्स्टावर कुणी वाचून दाखवत नाही, एवढंच. वेगाची हौस खरी असेल तर कोइंबतूरचा करी स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक आहे. फक्त ट्रॅकसाठीची गाडी वेगळी ठेवा, ट्रेलरवर घालून न्या आणि तिथं काय ते सोनं करा. टाळ्या वाजवायला मी येईन.

आणि प्रशासनाला जाहीर मागण्या :

१. चौकाआधी गॅरेजमध्ये जा. बदल करून देणाऱ्यावर कलम १८२ए लावा.
२. गाडी न बघता पावती देणाऱ्या पीयूसी केंद्रांचे परवाने रद्द करा.
३. बुलेट अडवता तशी मॉडिफाइड कारही अडवा, जॅकवर घ्या, खालून बघा. नंबर प्लेट कुणाची आहे ते बघू नका.
४. पुढच्या वेळी रोलर फिरवाल तेव्हा सायलेन्सरच्या रांगेत एक तरी डीकॅट पाइप दिसू द्या. तो फोटो मी पहिल्या पानासाठी मागून घेईन.

ज्यांना राग आला असेल त्यांनी कमेंटमध्ये जरूर बोला, फक्त मुद्द्यावर बोला. पटलं असेल तर शेअर करा. विशेषतः ज्या घरात नवी टर्बो गाडी आलीय आणि पोरगं बापाकडे पाइपासाठी पैसे मागतंय, त्या घरापर्यंत ही पोस्ट पोचू द्या.